घरावर सोलर बसवायचंय: नुसतं ऑन-ग्रिड की बॅटरीसकट? (बडोदा)

कारेलीबागवाली

मंडळी, सल्ला हवाय. कारेलीबागेत टेनामेंट आहे. खाली दोन खोल्या नि स्वयंपाकघर, माडीवर दोन खोल्या, त्यावर मोकळा धाबा (गच्ची). घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दहावीतली मुलगी. बिल दोन महिन्यांचं येतं. थंडीत ४०० युनिटच्या आतबाहेर, आणि एप्रिल-मेच्या बिलात ८०० च्या वर, कारण दोन एसी.

तीन जणांकडून भाव काढले. एकाने ३.२४ किलोवॅटचं ऑन-ग्रिड (वीज कंपनीच्या तारेला जोडलेलं, बॅटरी नसलेलं) १ लाख ८० हजारांना सांगितलं. दुसऱ्याने तेवढंच पॅनल, पण हायब्रिड इन्व्हर्टर आणि ५ युनिटची लिथियम बॅटरी घालून ३ लाख ५५ हजार. दोन्हींवर सबसिडी ७८ हजार, असं दोघंही म्हणतात. तिसरा आमचा नेहमीचा बॅटरीवाला. तो म्हणतो, "बेन, जीईबीच्या (म्हणजे वीज कंपनीच्या) भानगडीत पडूच नका, चार ट्युब्युलर (शिसे-आम्लाच्या) बॅटऱ्या नि सोलर इन्व्हर्टर लावून देतो." त्याला सबसिडी नाही.

दिरांचं म्हणणं, बॅटरी नसेल तर काय उपयोग, धाब्यावर एवढी पॅनलं लावून लाईट गेली की मेणबत्ती शोधायची? ह्यांचं म्हणणं, बडोद्यात लाईट जाते कुठे? दोघांचंही पटतं, हीच अडचण आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या गल्लीत होतं, लाईट बंद होती, ते डोक्यातून जात नाही.

मांडवीकर

वाचतोय. आमच्याकडेही हाच वाद सुरू आहे, फक्त आमच्याकडे बॅटरीची बाजू आई लावून धरते.

तारेवरचा_माणूस

वहिनी, आधी एक गैरसमज दूर करू, कारण पन्नास टक्के लोक सोलर बसवून झाल्यावर पहिल्यांदा लाईट गेली की इन्स्टॉलरला फोन करून भांडतात.

ऑन-ग्रिड म्हणजे लाईट गेली की तुमचं सोलरही बंद. भर दुपारी, कडक उन्हात, पॅनलं तापलेली असतानाही बंद. हा बिघाड नाही, तसं मुद्दाम केलेलं असतं. याला अँटी-आयलँडिंग म्हणतात. गल्लीतली लाईन बंद करून लाइनमन खांबावर चढलाय आणि तुमच्या घरातून वीज उलटी त्या तारेत गेली, तर तो माणूस जिवानिशी जाईल. म्हणून तारेत वीज नाही असं दिसलं की इन्व्हर्टरने गप्प बसायचं, असा नियम आहे. दुसरं कारण तांत्रिक. साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर स्वतः व्होल्टेज तयार करत नाही, तारेतल्या व्होल्टेजच्या ठेक्यावर आपली वीज सोडतो. ठेकाच नसेल तर तो काय करणार? आणि लाईट आली तरी तो लगेच सुरू होत नाही, थोडा वेळ तार तपासून बघतो. तेव्हा लगेच घाबरून स्विच खालीवर करू नका.

हायब्रिडमध्ये दोन तोंडं असतात. एक तारेकडे, दुसरं बॅकअपचं. लाईट गेली की तारेकडचं तोंड बंद होतं आणि बॅकअपच्या तोंडाला जोडलेली उपकरणं पॅनल आणि बॅटरीवर चालतात. पण घराचं सगळं वायरिंग बॅकअपला जोडायचं नसतं. वेगळा छोटा डीबी (स्विचांची पेटी) करून त्यात पंखे, दिवे, फ्रिज, राऊटर घ्यायचे. एसी, गीझर, पाण्याची मोटर बाहेर. एक हॉर्सपॉवरची मोटर ७४६ वॅटची म्हणतात खरी, पण सुरू होताना तिप्पट-चौपट ओढते, आणि इन्व्हर्टर तिथेच ट्रिप होतो. कोटेशनमध्ये हा वेगळा डीबी आणि त्याचं वायरिंग धरलंय का ते विचारा. बहुतेक वेळा धरलेलं नसतं.

तिसरा बॅटरीवाला मला बाद. सबसिडी गेली, नेट मीटर (तारेत दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा करणारा मीटर) गेला, दर चार-पाच वर्षांनी चार बॅटऱ्या आल्या, आणि दुपारी बॅटऱ्या भरल्या की पुढचं ऊन फुकट. जिथे तारच पोचलेली नाही अशा शेतघरासाठी ठीक. कारेलीबागेत कशाला?

मांडवीकर

लाइनमनचा मुद्दा माहीत नव्हता. आता आईला सांगतो.

हिशेबनीस

मी पैशाचंच बोलतो, बाकी ज्ञान माझ्याकडे नाही.

सबसिडी कशी लागते बघा. पीएम सूर्य घर योजना फेब्रुवारी २०२४ पासून आहे. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, एकूण ७८ हजार. तिथे मर्यादा संपते. ५ किलोवॅट लावा नाहीतर १० लावा, ७८ हजारच. बॅटरीला वेगळा पैसा मिळत नाही. हायब्रिड तारेला जोडलेलं असेल तर पॅनलांपुरती सबसिडी मिळते. पॅनलं मात्र भारतात तयार झालेल्या सेलची हवीत, त्याला डीसीआर म्हणतात, बिलावर तसं लिहून घ्या. बिनाडीसीआरचं पॅनल स्वस्त पडतं, म्हणून कुणी "सबसिडी बाजूला ठेवा, मी तसंच स्वस्तात देतो" म्हणेल. तो हिशेब घरी कागदावर मांडूनच हो म्हणा.

आता उत्पन्न. एक किलोवॅटला दिवसाला सरासरी चार युनिट धरतात. ३.२४ ला तेराच्या आसपास, म्हणजे दोन महिन्यांच्या बिलाला पावणेआठशे युनिट. पावसाळ्याच्या बिलात बरंच कमी, मार्च ते मे जास्त. तुमचा उन्हाळा बराचसा निघतो, थंडीत उरतं.

उरलेल्याचं काय होतं, हे इथे कुणी नीट सांगत नाही. माझ्या बिलात दोन महिन्यांचा हिशेब त्याच बिलात मिटतो. वापरापेक्षा जास्त दिलेले युनिट २.२५ रुपयांनी जमा होतात. थंडीतले युनिट साठवून मे महिन्यात वापरता येत नाहीत. मी घेतो ती वीज सगळं धरून सात-साडेसातला पडते आणि देतो ती सव्वादोनला. म्हणून मोठं सोलर लावून जीईबीला वीज विकून कमाई करण्याचं स्वप्न सोडा. विक्रेता "थोडंसंच जास्त, ५ किलोवॅट करू" म्हणेल, नको म्हणा. तुम्हाला ३ बरोबर आहे.

तुमच्या आकड्यांवर माझा अंदाज: वर्षाला २५-२७ हजार वाचतील. सबसिडी वजा जाता १ लाख २ हजार गुंतवणूक. चार वर्षांच्या आसपास फिटेल.

हायब्रिडचे वरचे १ लाख ७५ हजार मात्र कधीच फिटत नाहीत. का? नेट मीटर असताना दुपारची वीज तारेत जाते आणि रात्री तितकीच परत मिळते, पुरेपूर, घट न होता. बॅटरीत भरून काढली तर दहा टक्के तिथेच उडते, जुन्या शिसे-आम्लाच्या बॅटरीत त्याहून जास्त. म्हणजे बिलाच्या बाबतीत बॅटरी शून्य, किंबहुना उणे. आणि सव्वादोनने जाणारे युनिट बॅटरीने वाचतील असंही नाही. ते दोन महिन्यांच्या वापराहून जास्त झालेले युनिट आहेत. बॅटरीमुळे तुम्ही जास्त वीज वापरणार आहात थोड्याच?

बॅटरी घ्यायची तर अंधार टाळायला घ्या, बिलासाठी नको. मग अंधाराचा भाव काढा. समजा तुमच्याकडे वर्षाला ५० तास लाईट जाते. दहा वर्षांत ५०० तास. १ लाख ७५ हजार भागिले ५००, तासाला ३५० रुपये. तेवढ्यात चौघं बाहेर जेवून यायची.

कारेलीबागवाली

हिशेबनीस, ३५० रुपये तास! हे आज रात्री जेवताना वाचून दाखवते.

५० तास तरी जाते का, तेच आठवत नाही. उन्हाळ्यात अर्धा तास, कधी मेंटेनन्सला सकाळपासून दुपारपर्यंत. २०२४ चा पूर सोडला तर एवढंच.

समा_रोडवरून

पूर सोडून कसं चालेल? त्या दिवसांत आम्ही पहिल्या मजल्यावर अडकलो होतो. बडोद्याबाहेरच्यांसाठी सांगतो, वर धरणाचं पाणी, खाली विश्वामित्री फुगलेली. समा, हरणी, कारेलीबाग, फतेहगंज, अकोटा, पार वडसरपर्यंत पाणी आणि त्यात मगरी. लाईट बंद केली होती ती बरोबरच होतं, मीटर पाण्याखाली होते.

आमच्याकडे ऑन-ग्रिड होतं. वर पॅनलं, खाली अंधार. आणि ज्यांच्याकडे बॅटरी होती त्यांच्यातल्या निम्म्यांची जिन्याखाली होती, म्हणजे सगळ्यात आधी बुडाली. शेजारच्या घरातला इन्व्हर्टर पार्किंगमध्ये भिंतीवर, छातीच्या उंचीला. पाणी त्याच्या वर गेलं.

म्हणून माझं मत: बॅटरी घ्या वा घेऊ नका, काहीही लावा ते माडीवर लावा. हा मुद्दा एकाही कोटेशनमध्ये नसतो. वायर कमी लागावी म्हणून ते मीटरशेजारीच लावतात.

तारेवरचा_माणूस

+१. आणि याला जोडून जिवाची गोष्ट. लाईट बंद आहे म्हणजे सगळं बंद आहे असं पॅनलांच्या बाबतीत नसतं. दिवस उजाडला की पॅनलाच्या तारेत डीसी असतेच. वहिनींच्या सहा पॅनलांची एक माळ धरली तर ३०० व्होल्टच्या जवळपास. इन्व्हर्टर बंद असला तरी. पुरात इन्व्हर्टर पाण्यात असेल आणि वरून ती केबल उतरलेली असेल, तर त्या पाण्यात उतरू नका. डीसी आयसोलेटर धाब्यावरच हवा, पॅनलांच्या जवळ, म्हणजे पाणी चढायला लागलं की वरूनच तोडता येईल. हा स्विच इन्व्हर्टरजवळ खाली असेल तर पुरात त्याचा उपयोग काय?

आजवा_रोड

बॅटरी धाब्यावरच टाकली तर? पत्र्याची छोटी केबिन करून?

तारेवरचा_माणूस

मे महिन्यात बडोद्यात ४२-४४ डिग्री. पत्र्याच्या आत किती होईल? लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला चार्जिंगच्या वेळी ४५-५० च्या वर नको असतं, तिचं बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट) चार्जिंगच तोडतं. खाली पूर, वर भट्टी. मधली जागा उरते: माडीवरचा पॅसेज, जिन्याचा वरचा टप्पा, सावलीतली गॅलरी. लिथियम भिंतीला टांगता येते. ट्युब्युलर असेल तर झोपायच्या खोलीत नको, चार्ज होताना हायड्रोजन निघतो, हवा खेळती पाहिजे.

तरसाळीची_मावशी

मी दुसऱ्या बाजूने लिहिते, कारण इथे सगळे बॅटरीच्या मागे लागलेत.

आमच्या सासऱ्यांना ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागतो. पाच लिटरचं मशीन, साडेतीनशे वॅट घेतं. आम्ही हायब्रिड घेतलं, ५ युनिटची लिथियम. वापरायला साडेचार युनिट मिळतात. एक मशीन, एक पंखा, दोन दिवे धरून अकरा तास निघतात, दिवसा ऊन असेल तर त्याहून जास्त. लाईट जाते तेव्हा दिवाही लुकलुकत नाही, मशीनचा आवाजही बदलत नाही. आधी सिलिंडर आणून ठेवायचो, मध्यरात्री तो उघडायला माणूस जागा लागायचा. हिशेबनीसांचे तासाला ३५० रुपये मला महाग वाटत नाहीत.

तेव्हा "घेऊ नका" असं सरसकट म्हणू नका. घरात कोण आहे ते बघा.

हिशेबनीस

मावशी, शंभर टक्के मान्य. तुमच्या घरी मी हिशेब मांडलाच नसता.

मांडवीकर

कारेलीबागवाली, तुमच्या घरात असं काही आहे का? यावर निम्मा धागा मिटेल.

कारेलीबागवाली

नाही, देवाच्या कृपेने तसं काही नाही. सासूबाईंचं इन्सुलिन फ्रिजमध्ये असतं, एवढंच. आणि मुलीचा अभ्यास, पुढचं वर्ष अकरावी. तिला पंखा नि दिवा मिळाला की झालं.

घरात जुना इन्व्हर्टर आहे, १५० एएचची (अँपिअर-तासांची) एक ट्युब्युलर. बॅटरी दोन वर्षांपूर्वी बदलली. तो बॅटरीवाला म्हणतो, हे सगळं काढून टाका.

अलकापुरीचा_भाचा

काढू नका!! तुमचं उत्तर घरातच आहे.

मी हेच केलंय. धाब्यावर ऑन-ग्रिड ३ किलोवॅट, सबसिडीसकट, नेट मीटर. घरातला जुना इन्व्हर्टर जसाच्या तसा. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. लाईट गेली की सोलर झोपतं, इन्व्हर्टर जागतो. सोलर बिल बघतं, इन्व्हर्टर अंधार बघतो.

आणि बॅटरी वाढवण्याआधी पंखे बदला. साधा पंखा ७०-७५ वॅट, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३०-३५. तीन पंखे, पाच एलईडी, राऊटर मिळून दीडशे वॅटच्या आत बसतं. १५० एएच गुणिले १२ व्होल्ट म्हणजे १.८ युनिट, ट्युब्युलर अर्धीच्या पुढे रिकामी करायची नाही, म्हणजे एक युनिट जवळपास. सहा-एक तास जातात. साधे पंखे असतील तर साडेतीन तास. पंख्यांचे पैसे बॅटरीपेक्षा कमी, आणि बिलही रोज कमी होतं.

समा_रोडवरून

सहा तास ठीक आहे रे, पुरात तीन दिवस कसे काढणार? बॅटरी भरायला लाईटच नसते.

अलकापुरीचा_भाचा

त्यासाठी छोटा उपाय आहे. ३३० वॅटचं एक पॅनल आणि एमपीपीटी चार्ज कंट्रोलर (पॅनलातून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी भरणारा), थेट जुन्या १२ व्होल्टच्या बॅटरीला. बाजारात कंट्रोलर जुन्या इन्व्हर्टरला जोडायचे मिळतात. हा पॅनल नेट मीटरच्या वायरिंगला अजिबात लागत नाही, जीईबीचा काही संबंध नाही. उघाडीत दिवसाला युनिट-सव्वा युनिट देतो, म्हणजे ती बॅटरी परत भरते. चार्जिंगचा प्रवाह १५ अँपिअरच्या आसपास बांधून घ्या, उगाच जास्त ढकललं तर पाणी लवकर आटतं.

हिशेबनीस

पण लाईट असताना तुझा इन्व्हर्टर तारेवरूनच बॅटरी भरून ठेवतो. म्हणजे हा पॅनल वर्षाचे साडेतीनशे दिवस नुसता ऊन खात पडलेला.

अलकापुरीचा_भाचा

हो, खात पडलेला. काही हजारांचा पॅनल आहे, पडू दे. तुम्ही कारमध्ये स्टेपनी ठेवता ती रोज वापरता का?

हिशेबनीस

:)) बरं.

समा_रोडवरून

पुराच्या दिवसांत आभाळ झाकलेलं होतं, हे विसरू नका. ३३० वॅटचा पॅनल अशा दिवशी कितीसं देणार? एक पंखा आणि मोबाईल. ५ युनिटची लिथियमवालेही तिसऱ्या दिवशी जपूनच वापरत होते. फरक एवढाच की त्यांच्या वर ३ किलोवॅट होतं, ढगातूनही दोन-तीन युनिट आले असतील. मी हायब्रिडवर आलो नाही, पण तो फरक खरा आहे, लपवू नये.

आजवा_रोड

मधला मार्ग एक: आत्ता हायब्रिड इन्व्हर्टर घ्या, बॅटरी नंतर. "बॅटरी रेडी" म्हणून विकतात. दोन-तीन वर्षांत लिथियम स्वस्त होईल, तेव्हा जोडा.

तारेवरचा_माणूस

हा सल्ला ऐकायला गोड आहे, पण त्यात दोन गाठी आहेत. एक, बॅटरी जोडल्याशिवाय बऱ्याच हायब्रिड इन्व्हर्टरांचा बॅकअप सुरूच होत नाही. म्हणजे आज जास्तीचे पैसे देऊन लाईट गेल्यावर अंधारच. दोन, लिथियम बॅटरी आणि इन्व्हर्टर आपसांत केबलने बोलतात. आजच्या इन्व्हर्टरच्या यादीत तीन वर्षांनी येणारी बॅटरी असेलच असं नाही. मग बॅटरीसाठी इन्व्हर्टर बदला.

तशीच वेळ आली तर ऑन-ग्रिडच्या बाजूलाही नंतर बॅटरीचा वेगळा इन्व्हर्टर लावता येतो, एसी कपलिंग म्हणतात. तो घरापुरता ठेका तयार करतो आणि जुना ऑन-ग्रिड त्यावर चालायला लागतो. महाग आहे, पण दार बंद होत नाही. म्हणून "आत्ता नाही घेतलं तर कधीच नाही" या धमकीला भिऊ नका.

हायब्रिडच्या बाजूचा एक मुद्दा मात्र कुणीच मांडला नाही, तो मीच मांडतो. तुमच्या गल्लीत किती घरांवर सोलर आहे?

कारेलीबागवाली

आमच्या रांगेत पाच-सहा. मागच्या सोसायटीत बरीच.

तारेवरचा_माणूस

मग एखाद्या रविवारी दुपारी बारा-एकला घरातल्या सॉकेटचं व्होल्टेज बघा. सगळे घराबाहेर, एसी बंद, आणि सगळी पॅनलं जोरात. वीज तारेत ढकलली जाते आणि व्होल्टेज चढतं. २३० च्या वर दहा टक्के म्हणजे २५३ ओलांडलं की ऑन-ग्रिड इन्व्हर्टर नियमाप्रमाणे बंद होतो. पाच मिनिटांनी परत सुरू, परत बंद. लोक म्हणतात पॅनल खराब. पॅनल ठणठणीत असतं. ट्रान्सफॉर्मरच्या टोकाला असलेल्या घरांना हा त्रास जास्त.

उपाय: इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंतची एसी केबल जाड घ्या, न्यूट्रलचे जोड घट्ट करून घ्या, आणि तरीही चढत असेल तर अर्ज देऊन ट्रान्सफॉर्मरचा टॅप बदलायला सांगा. हायब्रिडवाला अशा वेळी आपलं ऊन बॅटरीत वळवतो, तेवढा त्याचा फायदा. ५ युनिटची बॅटरी दोनेक तासांत भरते हे मात्र खरं.

मांडवीकर

अवांतर: मोढेऱ्याला गेलो होतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये देशातलं पहिलं चोवीस तास सौरऊर्जेवर चालणारं गाव म्हणून जाहीर झालं ते. घरांवर एकेक किलोवॅटची पॅनलं आहेत, पण घरात बॅटरी नाही. बॅटरी एकच, १५ मेगावॅट-तासांची, सुज्जनपुऱ्याच्या प्रकल्पाजवळ. सगळ्या गावाची मिळून. मला ते जास्त शहाणपणाचं वाटलं. प्रत्येकाने आपापल्या जिन्याखाली बॅटरी सांभाळत का बसायचं? डिस्टिल्ड वॉटर घालायला आमच्या घरात मी सोडून कोणी नाही.

तरसाळीची_मावशी

लिथियमला पाणी घालावं लागत नाही हो.

मांडवीकर

बघा, आईला सांगायला अजून एक.

फ्लॅटवाला_वासणा

आमच्यासारख्या फ्लॅटवाल्यांचं काय? धाबा सगळ्यांचा.

हिशेबनीस

सोसायटीच्या नावाने सामायिक वापरासाठी, म्हणजे लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे, किलोवॅटला १८ हजार सबसिडी आहे. पण त्यासाठी वेगळा धागा काढा, नाहीतर इथे सोसायटीची सभाच भरेल.

कारेलीबागवाली

सगळ्यांचे खूप आभार. घरात चर्चा झाली. ३५० रुपये तास ऐकून दीर गप्प, आणि पुराचं नाव काढल्यावर हे गप्प. ठरलं असं: ऑन-ग्रिड ३.२४, डीसीआर पॅनल, इन्व्हर्टर माडीवरच्या पॅसेजमध्ये, डीसी स्विच धाब्यावर. जुना इन्व्हर्टर नि बॅटरी खालून उचलून माडीवरच्या मागच्या गॅलरीत. चार पंखे बीएलडीसी. छोट्या पॅनलचं पावसाळ्याआधी बघू. इन्व्हर्टर वर नेण्याचे केबलचे चार हजार जास्त मागितले, दिले.

आता नवीन भांडण. सासरे म्हणतात, पॅनलं जमिनीलगत लावली तर उतराणीला (संक्रांतीच्या पतंगांच्या सणाला) धाब्यावर उभं कुठे राहायचं? आमच्याकडे दोन्ही दिवस, वासी (दुसऱ्या दिवशीच्या) उतराणीलासुद्धा, पंचवीस माणसं असतात. आठ फुटांवर उचलून घ्यायचं का?

अलकापुरीचा_भाचा

उचलाच. बडोद्यात खाली पॅनल लावणं म्हणजे जानेवारीत त्यावर पोरं चढणार हे नक्की. काचेला तडा दिसत नाही, पण आत सेलला बारीक भेग जाते आणि उत्पन्न हळूहळू घसरतं. मांजा पॅनलांच्या कडेत अडकतो, तो ओढून काढायचा नाही, कापून काढायचा, नाहीतर मागच्या केबलचं कवच सोललं जातं.

तारेवरचा_माणूस

उंच स्ट्रक्चरला पैसे जास्त लागतात आणि वारा जास्त धरतो, म्हणून खांब स्लॅबच्या मधोमध नको, खालच्या बीमवर यायला हवेत. स्लॅबला भोकं पाडून बोल्ट मारू देऊ नका, पहिल्याच पावसात गळेल. काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यात पाय बसवा. लोखंड हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड, नुसता चंदेरी रंग मारलेलं नको. अर्थिंग तीन वेगळी: डीसी, एसी आणि वीज पडण्याच्या रॉडचं.

तोंड दक्षिणेला, उतार वीस डिग्रीच्या आसपास. धुवायला शक्यतो बोअरचं पाणी नको, क्षारांचे डाग पडतात. आणि सकाळी धुवा, दुपारच्या तापलेल्या काचेवर गार पाणी नको.

पाण्याची टाकी कुठल्या बाजूला आहे?

कारेलीबागवाली

पश्चिमेला, जिन्याच्या खोलीवर. इन्स्टॉलर सकाळी दहाला येऊन गेला, म्हणाला सावली येत नाही.

तारेवरचा_माणूस

सकाळी दहाला पश्चिमेच्या टाकीची सावली पश्चिमेलाच पडणार, पॅनलांवर कशी येईल? त्याला दुपारी साडेतीन-चारला बोलवा आणि खडूने सावलीची रेघ मारून घ्या. थंडीत सूर्य खाली असतो, सावली आणखी लांब जाते, तेवढं अंतर जास्त सोडा. एका पॅनलावर सावली आली तरी पूर्ण माळेचं उत्पन्न खाली येतं.

कारेलीबागवाली

शनिवारी चारला बोलावलंय. खडू मुलीकडे आहे.